कौन्सिलर वराडकर

जून 2017 मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी थेट मालवण तालुक्यातलं वराड गाव गाठलं. वडिलोपार्जित घर, चुलत-मावस नाती, गावाचा अभिमान, सगळं छापून आलं. बातमी खरी होती, आनंदही रास्त होता. पण त्या गडबडीत मधला मोठा तुकडा गळून गेला. कोकणातल्या गावाचं नाव लावणारा एक मेडिकलचा विद्यार्थी डब्लिनच्या उपनगरातून देशाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत गेला, तो कुठल्या वाटेनं? त्याच्यामागे राजकीय घराणं नव्हतं, आडनावाला मतं देणारा समाज नव्हता. वाट होती ती फिंगल कौंटी कौन्सिल नावाच्या एका स्थानिक संस्थेतून.

घराची हकिगत थोडक्यात. डॉ. अशोक वराडकर 1960 च्या दशकात मुंबईहून इंग्लंडला गेले. स्लाव इथे काम करताना त्यांची मिरियम हॉवेल या आयरिश परिचारिकेशी ओळख झाली. त्या वॉटरफर्ड कौंटीतल्या डंगार्वनच्या. लग्न झालं, काही काळ भारतातही राहून झालं आणि 1973 मध्ये कुटुंब डब्लिनमध्ये स्थिरावलं. दोन मुलींनंतर 18 जानेवारी 1979 रोजी लिओ जन्मले. वडील जनरल प्रॅक्टिशनर, राहणं डब्लिनच्या पश्चिमेला ब्लँचर्ड्सटाउनमध्ये. मोठं होऊन आरोग्यमंत्री होणार, असं या मुलानं लहानपणीच आईच्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं आणि आईला अवघडल्यासारखं झालं होतं, ही गोष्ट पुढे आयर्लंडमध्ये पुष्कळदा सांगितली गेली. ट्रिनिटी कॉलेजात आधी कायद्याला प्रवेश, मग लगेच वैद्यकीय शाखा. प्रशिक्षणाचा काही भाग मुंबईच्या केईएममध्ये.

आणि मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात असताना, विसाव्या वर्षी, पहिली निवडणूक. साल 1999, वॉर्ड मलहडर्ट, पक्ष फिन गेल. मतं पडली 380. सपशेल पराभव.

फिंगल कौन्सिल म्हणजे नेमकं काय, हे इथे सांगायला हवं. डब्लिन शहराभोवतीचा सगळा पट्टा पूर्वी डब्लिन कौंटी कौन्सिलकडे होता. 1994 मध्ये त्याचे तीन तुकडे केले आणि उत्तरेकडचा भाग फिंगल झाला. डब्लिनचा विमानतळ फिंगलमध्ये येतो, समुद्रकाठची मॅलाहाइड-स्केरीजसारखी टुमदार गावं येतात आणि पश्चिमेला ब्लँचर्ड्सटाउनही येतं. 1960 च्या दशकात नियोजनकारांनी डब्लिनची वाढ पश्चिमेकडे वळवायचं ठरवलं. तेव्हा ज्या खेड्यांची नवी नगरं करायची होती, त्यांत ब्लँचर्ड्सटाउन होतं. शेतं गेली, वसाहती आल्या, शाळा आणि बस मागाहून आल्या. काही ठिकाणी फारच मागाहून.

आयरिश कौन्सिलरच्या हातात मात्र फारसं काही नसतं. शाळा, पोलीस, इस्पितळं यांपैकी काहीच त्याच्या अखत्यारीत नाही. रोजचा कारभार हाकतो तो नेमलेला अधिकारी, म्हणजे पूर्वीचा कौंटी मॅनेजर आणि 2014 पासूनचा चीफ एक्झिक्युटिव्ह. आपल्याकडे महापालिका आयुक्तापुढे नगरसेवक जसे हतबल होतात, तसाच हा प्रकार. कौन्सिलर अंदाजपत्रक मंजूर करतात, उपविधी करतात आणि विकास आराखडा ठरवतात.

या शेवटच्या अधिकारातच सगळी मेख होती. कुठली शेतजमीन निवासी करायची याचा निर्णय कौन्सिलरांच्या मतांवर होत असे, आणि डब्लिनभोवतीच्या जमिनीचा भाव त्या एका मतदानानं कुठल्या कुठे जाई. 1980 आणि 90 च्या दशकांत जुन्या डब्लिन कौंटी कौन्सिलमध्ये या मतांसाठी पैसे वाटले गेले. 1997 मध्ये चौकशी आयोग बसला, त्याचं काम 15 वर्षं चाललं आणि 2012 च्या अंतिम अहवालानं भ्रष्टाचार राजकारणाच्या सगळ्या थरांत मुरल्याचा निष्कर्ष काढला. वराडकरांची पिढी कौन्सिलमध्ये शिरली ती या चौकशीच्या ऐन भरात. खिशात पैसे न घेतलेला नवा चेहरा, एवढ्यालाही तेव्हा किंमत होती.

तरीही तरुण कार्यकर्ते कौन्सिलसाठी धडपडतात. कारण तिथे अधिकार कमी असले तरी माणसं भेटतात. पथदिवा बंद आहे, फुटपाथ उखडलाय, शाळेसमोर गाड्या भरधाव जातात, म्हातारीच्या घराला रॅम्प हवा आहे: असं प्रत्येक काम अधिकाऱ्याकडे पत्र पाठवून मागे लागण्याचं असतं. पत्राची प्रत त्या घरी जाते, त्यावर कौन्सिलरचं नाव असतं आणि ते नाव पुढच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर दिसतं.

2003 मध्ये वराडकरांना दार उघडं मिळालं ते एका कायद्यामुळे. तोवर आयर्लंडमध्ये एकच माणूस खासदारही असे आणि कौन्सिलरही. दिल्लीतही मीच, गल्लीतही मीच, असा मामला. 2003 च्या कायद्यानं ही दुहेरी गादी बंद केली आणि देशभर खासदारांना कौन्सिलची जागा सोडावी लागली. कॅसलनॉक वॉर्डातल्या फिन गेलच्या शीला टेरी सिनेटवर होत्या. त्यांची कौन्सिलची जागा मोकळी झाली. तिथे अशा जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही, जाणाऱ्या सदस्याचा पक्ष नाव सुचवतो आणि कौन्सिल ते स्वीकारतं. पक्षानं वराडकरांचं नाव दिलं. त्याच वर्षी ते डॉक्टर झाले होते.

पक्षालाही गरज होती, हे विसरून चालणार नाही. 2002 च्या संसदीय निवडणुकीत फिन गेलची दाणादाण उडाली होती. 54 जागांवरून पक्ष 31 वर आला, अख्ख्या डब्लिनमध्ये जेमतेम तीन जागा उरल्या. पश्चिम डब्लिनमध्ये शून्य. अशा पडझडीत ज्येष्ठांची रांग आपोआप लहान होते आणि चोवीस वर्षांच्या पोराला पुढे सरकायला वाव मिळतो.

11 जून 2004 रोजी स्थानिक निवडणुका झाल्या. पाच वर्षांपूर्वी 380 मतं मिळवलेल्या उमेदवाराला कॅसलनॉकमध्ये पहिल्या पसंतीची 4,894 मतं पडली. त्या निवडणुकीत देशभरातल्या कुठल्याही उमेदवाराला मिळालेली ही सर्वांत जास्त मतं. वॉर्ड बदलला होता हे खरं. मलहडर्ट कष्टकऱ्यांचा आणि कॅसलनॉक सुखवस्तूंचा, फिन गेलला मानवणारा. पण नुसत्या वॉर्डानं एवढा फरक पडत नाही.

त्या दिवशी मतदारांच्या हातात आणखी एक कागद होता. आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप मिळणारं नागरिकत्व बंद करायचं का, या घटनादुरुस्तीवर सार्वमत होतं. 79 टक्के लोकांनी बंद करा म्हणून कौल दिला. वराडकरांची आई आयरिश असल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वाला याचा स्पर्श होत नव्हता. तरी स्थलांतरितांविषयी देश साशंक होत असतानाच एका स्थलांतरित डॉक्टराच्या मुलाला देशातली सर्वाधिक मतं मिळावीत, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. लोक धोरणाला एक न्याय लावतात आणि ओळखीच्या माणसाला दुसरा.

ओळखीचा माणूस तिथे एवढा महत्त्वाचा का ठरतो? त्याचं उत्तर मतदानाच्या पद्धतीत आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच टीडी, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे सदस्य, निवडले जातात. त्या सभागृहाला डॉल म्हणतात. मतदार एकालाच शिक्का मारत नाही, उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. तीन जागा असतील तर एकूण वैध मतांना चारनं भागून एक मिळवायचा. तो कोटा. हजार मतं असतील तर 251. कोटा गाठला की उमेदवार निवडून येतो आणि त्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. कोणीच गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याचीही मतं पुढे सरकतात. मोजणी कधीकधी दोन-दोन दिवस चालते, आणि आकडेमोडीचे हौशी लोक केंद्रावर कठड्याला रेलून कुठल्या गठ्ठ्यातून किती मतं कुणाला जातील याचे अंदाज बांधत बसतात.

याचा परिणाम असा की एकाच पक्षाचे दोघेतिघे एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे असतात. पक्षाची लाट सगळ्यांना सारखी वाहून नेत नाही, घरातल्या घरातच चुरस असते. शिवाय दुसऱ्या पक्षाच्या मतदाराची तिसरी-चौथी पसंतीही शेवटच्या फेरीत तारून नेते. म्हणून उमेदवार दारोदार फिरतो, विरोधकाचं पोस्टर खिडकीत दिसलं तरी बेल वाजवतो आणि निदान दुसरा आकडा तरी द्या म्हणून विनवतो. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अकारविल्हे असतात. व्ही या अक्षरानं सुरू होणारं आडनाव साहजिकच तळाशी. वरून खाली आकडे टाकत जाणाऱ्या आळशी मतदाराचा फायदा वराडकरांना कधीच नव्हता.

2007 मध्ये ते पश्चिम डब्लिनमधून डॉलवर गेले, वय 28. तीन जागांच्या त्या मतदारसंघातले दुसरे दोन विजेते होते ब्रायन लेनिहान आणि जोन बर्टन. पडले ते समाजवादी जो हिगिन्स, ज्यांचा कष्टकरी वस्त्यांत दबदबा होता. लेनिहान वडिलांच्या निधनानंतर 1996 च्या पोटनिवडणुकीत आलेले, पुढे आर्थिक कोसळणीच्या वर्षांत अर्थमंत्री. बर्टन पुढे उपपंतप्रधान. फिन गेलमध्येही वारसा सांगणारे पुष्कळ. पक्षनेते एन्डा केनी वडिलांच्या निधनानंतर 1975 मध्ये संसदेत आले, सायमन कोव्हनी तसेच 1998 मध्ये. घराणेशाही ही काही एकट्या महाराष्ट्राची मिरास नव्हे. अशा मंडळींत कौन्सिलच्या वाटेनं आलेला माणूस उठून दिसत होता, आणि बोलण्यातल्या फटकळपणामुळे तो आणखीच दिसायचा.

फटकळपणा अंगाशीही आला. जून 2010 मध्ये केनींना नेतृत्वावरून हटवण्याचा प्रयत्न झाला, त्यात वराडकर बंडखोर रिचर्ड ब्रुटन यांच्या बाजूनं होते. बंड फसलं. केनींनी मात्र सूड न घेता त्यांना गोतावळ्यात ठेवलं आणि 2011 च्या मोठ्या विजयानंतर 32 व्या वर्षी वाहतूक, पर्यटन व क्रीडा खातं दिलं. 2014 मध्ये पोलीस दलातले गैरप्रकार उघड करणाऱ्या दोघांची पोलीस आयुक्तांनी हेटाळणी केली, तेव्हा मंत्रिमंडळात असूनही वराडकरांनी त्या दोघांची जाहीर बाजू घेतली. काही दिवसांत आयुक्तांना जावं लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ते आरोग्यमंत्री झाले, म्हणजे आईच्या मैत्रिणींना सांगितलेली गोष्ट खरी झाली. जानेवारी 2015 मध्ये, 36 व्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. चार महिन्यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूनं देशानं 62 टक्क्यांचा कौल दिला.

मग आलं 2017. केनी पायउतार झाले आणि नेतेपदासाठी वराडकर विरुद्ध कोव्हनी अशी लढत लागली. फिन गेलची पद्धत अशी की खासदारांच्या मताला 65 टक्के वजन, साध्या सदस्यांना 25 आणि कौन्सिलरांना 10. आकडे बघण्यासारखे आहेत. साध्या सदस्यांत कोव्हनींना 7,051 मतं, वराडकरांना 3,772. म्हणजे कार्यकर्त्यांनी वराडकरांना जवळजवळ दोनास एक असं नाकारलं. खासदारांत उलट, 51 विरुद्ध 22. कौन्सिलरांत 123 विरुद्ध 100. वजन लावून बेरीज केली की खासदारांकडून सुमारे 45, सदस्यांकडून 9 आणि कौन्सिलरांकडून साडेपाच, मिळून 60 टक्के.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावध राहायला हवं. विजय खासदारांनीच दिला, कौन्सिलरांची मतं नसती तरी ते जिंकले असते. पण स्वतः निवडणूक लढवणाऱ्या माणसांनी, मग ते डॉलमधले असोत की कौन्सिलमधले, त्यांना पसंती दिली आणि न लढवणाऱ्यांनी नाही. ज्यांना पुढच्या वेळी दारं ठोठवायची होती त्यांनी जिंकून देईल असा चेहरा निवडला. भावनेपेक्षा हिशेब मोठा ठरला. 14 जून रोजी डॉलमध्ये 57 विरुद्ध 50 मतांनी ते पंतप्रधान झाले, तिथल्या भाषेत टीशख. मुख्य विरोधी पक्ष फियाना फॉल करारानुसार तटस्थ राहिला.

पंतप्रधानपदाचा काळ जगजाहीर आहे. ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवर पुन्हा चौक्या येऊ नयेत यासाठी त्यांनी युरोपला आपल्या बाजूला ठेवलं, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्याशी झालेल्या भेटीतून तोडगा निघाला. मे 2018 मध्ये गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवण्याच्या बाजूनं 66.4 टक्के लोकांनी मत दिलं. त्या चळवळीच्या केंद्रस्थानी बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचं नाव होतं. 2012 मध्ये गॉलवेच्या इस्पितळात गर्भपात नाकारला गेल्यानंतर जंतुसंसर्गानं त्यांचा मृत्यू झाला होता. करोनाकाळात वराडकरांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एक पाळी फोनवर रुग्ण तपासायला घेतली.

मात्र ज्या प्रश्नावर कौन्सिलर म्हणून रोज लोक भेटत, त्या घरांच्या प्रश्नानंच त्यांना खाल्लं. भाडी वाढत राहिली आणि तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा 2019 मध्ये 10,000 च्या वर गेला. त्या डिसेंबरच्या अखेरीस ते आईवडिलांसह वराडला येऊन गेले. सहा आठवड्यांत निवडणूक झाली आणि फिन गेल तिसऱ्या क्रमांकावर गेला. स्वतःच्या मतदारसंघातही पंतप्रधान पहिले आले नाहीत. शिन फेनचे पॉल डोनेली पहिले आले आणि वराडकरांना कोटा गाठायला पाचवी फेरी लागली. पुढे फियाना फॉलशी आळीपाळीचा करार झाला, आधी उपपंतप्रधान आणि डिसेंबर 2022 पासून पुन्हा पंतप्रधान. मधल्या काळात डॉक्टरांशी होणाऱ्या सरकारी कराराचा गोपनीय मसुदा बाहेर दिल्याबद्दल पोलीस चौकशी झाली, जुलै 2022 मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. 8 मार्च 2024 रोजी त्यांच्या सरकारनं मांडलेली दोन सार्वमतं लोकांनी मोठ्या फरकानं फेटाळली. बारा दिवसांनी त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि नोव्हेंबरमधली निवडणूक लढवलीच नाही.

त्यांच्या जागी आलेले सायमन हॅरिस 2009 मध्ये विकलो कौंटी कौन्सिलवर निवडून आले होते. फियाना फॉलचे मिहॉल मार्टिन 1985 मध्ये कॉर्कच्या नगरपालिकेत, पुढे तिथले महापौर. 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या कॅथरीन कॉनली आणि त्यांच्या आधीचे मायकल डी. हिगिन्स, दोघेही एकेकाळी गॉलवेचे महापौर. स्थानिक संस्थांना खरे अधिकार द्यायला मात्र यांतल्या कुणीच फारशी घाई केली नाही, आणि वराडकरही त्याला अपवाद नव्हते. मे 2019 मध्ये त्यांच्या सरकारनं थेट निवडून येणारा महापौर हवा का, असं तीन ठिकाणी लोकांना विचारलं. कॉर्क आणि वॉटरफर्डनं थोडक्यात नाही म्हटलं, लिमरिकनं हो म्हटलं. तिथला महापौर प्रत्यक्ष निवडून यायला जून 2024 उजाडलं. शिडी चढून गेलेल्यांना शिडी दुरुस्त करायचं सुचत नाही, त्यातलाच हा भाग.

शिडी मात्र वापरात आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये पश्चिम डब्लिनच्या जागा पाच झाल्या. निवडून आले फियाना फॉलचे जॅक चेंबर्स, शिन फेनचे पॉल डोनेली, ग्रीन पक्षाचे रॉडरिक ओगॉर्मन, डाव्या रूथ कॉपिंजर आणि फिन गेलच्या एमर करी. कॉपिंजर फिंगलमध्ये पहिल्यांदा आल्या त्या 2003 मध्येच, त्याच कायद्यानं जो हिगिन्स यांची मोकळी झालेली जागा भरायला. वराडकरांची संसदेतली जागा पक्षाकडे राखणाऱ्या एमर करी 2019 मध्ये कॅसलनॉक वॉर्डातूनच कौन्सिलवर आल्या होत्या. पाचही जण फिंगल कौंटी कौन्सिलचे माजी सदस्य आहेत.